वाचकाची चौकट आधी काढा: डिजिटल ग्रंथालय सेवेचं प्रोसेस मॉडेल, पहिल्यापासून

ग्रंथालय डिजिटल करायचं ठरलं की कार्यकारी मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो स्कॅनर कुठला घ्यायचा हा. दुसरा, सॉफ्टवेअर कुठलं. तिसरा, अनुदान कुठून आणायचं. पुस्तक मागणाऱ्याच्या हातात ते नेमकं कसं पडणार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी उद्घाटनाचा नारळ फुटल्यावरच सुचतो. तोवर स्कॅन केलेल्या पुस्तकांची हार्ड डिस्क कपाटात गेलेली असते आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे, ते फक्त शिपायाला ठाऊक असतं.

हा क्रम उलटा करायला प्रोसेस मॉडेल कामी येतं. एखादं काम कुठून सुरू होतं, कुणाकुणाच्या हातातून जातं, कुठे फाटे फुटतात, कुठे अडतं आणि कुठे संपतं, हे सगळं एका चित्रात मांडायचं, एवढंच. उद्योगधंद्यात आणि बँकांत हे रोज चालतं. ग्रंथालयात त्याची गरज जास्त आहे असं माझं मत आहे, कारण इथे माणसं कमी आणि सवयी जुन्या. चित्र कसं काढायचं ते तासाभरात शिकता येतं. ते वाचकाच्या बाजूने काढायचं हे मात्र पुन्हा पुन्हा स्वतःला बजावावं लागतं.

हा लेख ज्यांनी असं चित्र कधीच काढलेलं नाही अशा ग्रंथपालांसाठी, ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी विश्वस्तांसाठी आहे. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: शहरातलं एक जुनं सार्वजनिक वाचनालय. आपल्याकडे अशी बरीच आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात तर १८३२ ची. अशा संस्थांचं खरं धन म्हणजे इतरत्र न मिळणारी जुनी पुस्तकं, आणि ती मागणारा वाचक बहुधा गावाबाहेरचा असतो. आपलं उदाहरणातलं वाचनालय मात्र काल्पनिक आहे.

एका वेळी एकच सेवा

‘डिजिटल ग्रंथालय’ नावाची सेवा नसते. घरबसल्या तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची सूची, पाहणं, पुस्तक राखून ठेवणं, वर्गणी ऑनलाइन भरणं, जुन्या पुस्तकातल्या पानांची स्कॅन प्रत मागणं, या सगळ्या वेगवेगळ्या सेवा आहेत आणि प्रत्येकीची प्रक्रिया वेगळी. सगळ्या एका कागदावर कोंबल्या तर बाणांचं जंगल होतं आणि ते चित्र कुणी पुन्हा उघडत नाही.

आपण स्कॅन प्रतीची सेवा घेऊ. कागद हातात घेण्याआधी तिचा शेवट एका वाक्यात लिहा, तोही वाचकाच्या तोंडून: ‘मला हवं होतं ते प्रकरण मला वाचता येईल अशा रूपात घरी मिळालं.’ या वाक्यामुळे दोन गोष्टी पक्क्या होतात. फाइल पाठवली म्हणजे काम संपलं असं नाही. ती उघडली आणि वाचता आली, तेव्हा संपलं. आणि सुरुवात अर्ज आल्यावर होत नाही. अशा नावाचं पुस्तक कुठेतरी आहे, हे वाचकाच्या कानावर पडतं तिथून ती होते. अर्ज येण्याआधीच कंटाळून गेलेले वाचक कुठल्याच रजिस्टरात सापडत नाहीत, म्हणून ही सुरुवात चित्रात असलीच पाहिजे.

काय हवं ते विचारू नका, काय केलंत ते विचारा

सुरुवातीला पाच-सहा वाचक पुरतात, पण ते एकाच मुशीतले नकोत. पीएचडी करणारी एखादी विद्यार्थिनी, गावातलेच निवृत्त शिक्षक, परदेशात असलेला आणि पणजोबांचा लेख शोधणारा कुणीतरी, एखादा दृष्टिहीन वाचक, आणि एकदा मागणी करून पुन्हा न फिरकलेलं एक माणूस. हे शेवटचं माणूस शोधणं अवघड. पण तेच सगळ्यात जास्त सांगतं.

‘तुम्हाला कशी सेवा आवडेल?’ असं विचारलं की ‘ॲप करा’ असं उत्तर येतं. त्यातून काही हाती लागत नाही. त्याऐवजी विचारा: मागच्या वेळी जुनं पुस्तक हवं होतं तेव्हा काय केलंत? आधी कुणाला विचारलंत? कुठे थांबावं लागलं? मिळाल्यावर त्याचं काय केलंत? उत्तरं ऐकताना कामाच्या गोष्टी हळूहळू वर येतात. संशोधकाला प्रकरणाबरोबर मुखपृष्ठानंतरचं नावाचं पान आणि प्रकाशनवर्षाचं पानही लागतं, नाहीतर प्रबंधात संदर्भ देता येत नाही. पणजोबांचा लेख शोधणाऱ्याला पुस्तकाचं नाव ठाऊक नसतं. त्याच्याकडे असतं आडनाव आणि अंदाजे साल. दृष्टिहीन वाचकाला पानाचा फोटो असलेली पीडीएफ म्हणजे कोरा कागद. त्याला मजकूर टाइप स्वरूपात हवा, म्हणजे त्याचं वाचक-सॉफ्टवेअर तो वाचून दाखवील. एकाच सेवेचे हे तीन वेगळे शेवट झाले.

याच्या जोडीला आवक-जावक रजिस्टर आणि जुन्या मागणी-चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढा. मोबाइलवरचे संदेशही चाळा. हल्ली निम्मं ग्रंथालय तिथेच चालतं.

आधी आहे तसं

नवी प्रक्रिया आखायची घाई सुटते. ती आवरा आणि आत्ता काय घडतं ते एका खऱ्या मागणीच्या मागे मागे जाऊन लिहून काढा. नियमावलीत काय लिहिलंय ते नको, प्रत्यक्षात काय होतं ते हवं. आपल्या उदाहरणात ते असं दिसेल, समजा.

मंगळवारी सकाळी ग्रंथपालबाईंच्या मोबाइलवर संदेश येतो: ‘नमस्कार मॅडम, सांगली संस्थानाच्या शेतसाऱ्यावरचं १९२५-३० च्या सुमाराचं एक पुस्तक आपल्याकडे आहे असं कळलं. त्यातलं एक प्रकरण मिळेल का?’ त्या वेळी बाई देवघेव काउंटरवर असतात. संदेश वाचतात रात्री. बुधवारी संगणकावर शोधतात, सापडत नाही. जुन्या पुस्तकांची नोंदच संगणकावर झालेली नाही. गुरुवारी दाखल नोंदवही काढून दाखल अंक, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा त्याला दिलेला क्रमांक, मिळतो. पुस्तक दुर्मिळ ग्रंथांच्या कपाटात, किल्ली कार्यवाहांकडे, कार्यवाह शनिवारी येतात. रविवार गर्दीचा, सोमवार सुटीचा. मंगळवारी ‘द्यायला हरकत नाही ना?’ यावर चर्चा होते. बुधवारी मोबाइलने चौतीस पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर जातात. गुरुवारी वाचक कळवतो, तीन पानं अस्पष्ट आहेत.

आता दोन आकडे मांडा. प्रत्यक्ष कामाचा वेळ: शोधणं, काढणं, फोटो, पाठवणं, सगळं मिळून दोन-अडीच तास. वाचकाच्या घड्याळाने गेलेला वेळ: दहा दिवस, आणि तरी काम अपुरं. दोन तासांचे दहा दिवस कशाने झाले? स्कॅनर नव्हता म्हणून नाही. किल्ली, सुटी, तालिकेत नसलेली नोंद आणि परवानगीची चर्चा, यांनी झाले. दोन लाखांचा स्कॅनर आणला असता तर यातला फार तर अर्धा तास वाचला असता. प्रक्रियाचित्राचा हाच मोठा उपयोग: पैसे कुठे घालायचे ते बैठकीआधी कळतं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांतला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा आहे. परीक्षेसाठी तो सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो मोजायचा कसा, हे अशा मांडणीतून दिसतं.

चिन्हं: पाच पुरेत

चित्र काढायच्या अनेक पद्धती आहेत. जगभर सगळ्यात रुळलेली आहे ती बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन). तिची दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात शंभराच्या आसपास चिन्हं आहेत; नवख्याने तिकडे बघूसुद्धा नये. पाच शिका.

वर्तुळ म्हणजे घटना. बारीक रेघेचं वर्तुळ सुरुवात, जाड रेघेचं शेवट. आत घड्याळ काढलं की ‘इतका वेळ गेल्यावर’.
गोल कोपऱ्यांचा आयत म्हणजे काम. आत क्रियापद लिहा: ‘दाखल अंक शोधणे’. नुसतं ‘तालिका’ लिहू नका.
चौकोन टोकावर उभा केला की फाटा. आत फुली असेल तर अनेक वाटांपैकी एकच. अधिक चिन्ह असेल तर सगळ्या वाटा एकदम.
सलग रेघेचा बाण म्हणजे कामाचा क्रम, तुटक रेघेचा बाण म्हणजे निरोप.
मोठी आडवी चौकट म्हणजे एक पक्ष. तिच्या आत ज्याच्या त्याच्या आडव्या पट्ट्या.

इथे एक नियम आहे, त्यावर नवखे हमखास अडखळतात. सलग बाण चौकटीच्या बाहेर जाऊ शकत नाही. दोन चौकटींमध्ये फक्त तुटक बाण, म्हणजे निरोपच जातो. नियम कोरडा वाटतो, पण त्यात वाचकाचं सगळं दुखणं आहे. वाचक ही वेगळी चौकट आहे, ग्रंथालय वेगळी. तुमच्या आत काय चाललंय ते वाचकाला आपोआप कळत नाही. तुटक बाण काढला असेल तेवढंच त्याला कळतं.

म्हणून भिंतीवर दोन-तीन कार्डशीट चिकटवा आणि सगळ्यात वर वाचकाची चौकट काढा. ती पूर्ण भरल्याशिवाय खाली उतरू नका. त्याला पुस्तकाबद्दल कळलं, त्याने तालिकेत शोधलं, सापडलं किंवा नाही, त्याने मागणी केली, तो थांबला, पैसे भरले, फाइल उघडली, वाचली. मग खाली ग्रंथालयाची चौकट, आणि तिच्यात पट्ट्या: ग्रंथपाल, काउंटर, स्कॅनिंग करणारा, कार्यवाह. पट्टीवर माणसाचं नाव नको, भूमिका लिहा. छोट्या ठिकाणी एकच बाई तीन पट्ट्यांत असतात, तेही एकदा दिसू द्या. पेन्सिल आणि चिकटचिठ्ठ्या वापरा. संगणकावर सुबक काढलेलं चित्र खोडायला माणूस कचरतो.

हे करताना शिपाईमामांना आणि काउंटरवरच्या मुलीला बरोबर घ्या. पुस्तक ‘जागेवर नाही’ म्हणजे ते खरं तर बाइंडिंगच्या ढिगात आहे, ही माहिती मंडळात कुणाकडेही नसते.

तुटक बाण म्हणजे कुणीतरी लिहायचा मजकूर

आहे तसं चित्र पूर्ण झालं की वाचकाच्या चौकटीकडे वर जाणारे बाण मोजा. आपल्या उदाहरणात दहा दिवसांत एकच आहे: फोटो पाठवले तो. मधल्या काळात वाचकाला काही कळलंच नाही. एसटी स्टँडवर गाडी उशिरा येणार हे कळलं तर माणूस चहा पिऊन येतो. कळलं नाही तर फलाटावर चरफडत उभा राहतो. इथे वाचक चरफडत उभा आहे.

नव्या चित्रात किमान चार बाण लागतात: मागणी पोहोचली, पुस्तक सापडलं आणि इतकी पानं व इतका खर्च, प्रत तयार आहे, आणि नीट वाचता आली का. प्रत्येक बाणाचा मजकूर तिथेच चिठ्ठीवर लिहा. ‘आपला अर्ज प्राप्त झाला असून त्यावर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य कचेरीला शोभतं, पण त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘आपली मागणी मिळाली. पुस्तक आमच्याकडे आहे का, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवतो. सोमवारी वाचनालय बंद असतं. काही राहिलं असेल तर याच क्रमांकावर लिहा.’ यात तारीख आहे, सुटी आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे. आता या संदेशाने तुमच्यावर एक जबाबदारी टाकली: शुक्रवार संध्याकाळ. चित्रात तिथे घड्याळाचं वर्तुळ काढा आणि ते कुणाच्या पट्टीत येतं ते ठरवा.

पहिला अवघड फाटा: शोध

वाचक तालिकेत शोधतो आणि ‘काही सापडले नाही’ असं येतं. मराठीत हे फार वेळा होतं, पुस्तक फडताळात असूनही. कारणं नीट समजून घ्या, कारण फाटा त्यांच्यावरच बेतायचा आहे.

पहिलं कारण जुनं लेखन. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘गांव’, ‘कांहीं’, ‘शेतकरी व त्यांचीं अवजारें’ असं छापलेलं असतं. ज्याने नोंद केली त्याने ते जसंच्या तसं उतरवलं असेल, तर ‘गाव’ असं टाइप करणाऱ्याला ते सापडत नाही. दुसरं कारण डोळ्यांना न दिसणारं. ‘कऱ्हाड’ मधला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. तिसरं, जुन्या फाँटमध्ये केलेल्या नोंदी. युनिकोडच्या आधी श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये भरलेला डेटा रूपांतर न करता नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेला तर तो शोधाला सापडतच नाही. चौथं, लेखकांची नावं: आद्याक्षरं, टोपणनावं. राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज एकच, हे तालिकेला सांगावं लागतं.

यावर ग्रंथालयाच्या बाजूने करण्यासारखं पुष्कळ आहे. मूळ नाव जसंच्या तसं ठेवायचं आणि शेजारी आजच्या लेखनातलं रूप दुसऱ्या रकान्यात भरायचं. टोपणनावांची एक जोडयादी करायची. पण हे काम वर्षानुवर्षं चालणार, वाचक आज आला आहे. म्हणून चित्रात ‘सापडलं नाही’ या वाटेचा शेवट जाड वर्तुळात करू नका. ती वाट सरळ ‘ग्रंथपालांना विचारा’ या अर्जाकडे न्या, आणि वाचकाने टाइप केलेले शब्द त्या अर्जात आपोआप भरलेले असू द्या. त्याला ते पुन्हा लिहायला लागू नयेत. या अर्जांतून आपल्या तालिकेत नोंदी कुठे चुकल्यात याची यादीही फुकटात तयार होते.

दुसरा अवघड फाटा: कॉपीराइट

उदाहरणातली ‘हरकत नाही ना?’ ही चर्चा इथली. ती दर मागणीला नव्याने होते, म्हणून वेळ जातो. नियम एकदा मांडला की बहुतेक मागण्यांसाठी उत्तर अर्ध्या मिनिटात मिळतं.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं टिकतो. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले; त्यांच्या हयातीतल्या पुस्तकांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०१० ला संपला. आचार्य अत्रे जून १९६९ मध्ये गेले. त्यांचा ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. पुस्तक कधी छापलं याने इथे फरक पडत नाही, ‘पुस्तक शंभर वर्षांचं आहे, मग मोकळंच’ हा समज काढून टाका. पंचविशीत पुस्तक लिहिणारा लेखक नव्वदीपर्यंत जगलेला असू शकतो. दोन लेखक असतील तर नंतर गेलेल्याचं साल धरायचं. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. दिवाळी अंकातल्या प्रत्येक लेखाचा हिशेब स्वतंत्र.

थोडक्यात या फाट्याला बहुतेक वेळा एकच माहिती लागते, लेखकाचं मृत्युवर्ष, आणि नेमकी तीच बहुतेक तालिकांत नसते. नवी तालिका करताना हा रकाना ठेवा.

हक्क अजून चालू असेल तर सरसकट नकारही देऊ नका. खासगी वापरासाठी व संशोधनासाठी वाजवी मर्यादेत वापर करायला कायद्यात जागा आहे. विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते, ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीत आली. तेव्हा वाटा तीन करा: पुस्तक मोकळं असेल तर पूर्ण फाइल द्या; हक्क चालू असेल तर मोजकी पानं अभ्यासापुरती द्या, किंवा फक्त वाचनालयात बसून वाचायला द्या. कुठल्या वाटेवर किती पानं, याचा एक तक्ता वकिलाकडून एकदाच तपासून घ्या आणि काउंटरमागे लावा. कार्यवाहांकडे फक्त तक्त्यात न बसणारी प्रकरणं जातील.

आता फाट्यांचा क्रम बघा. दृष्टिहीन व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तक देण्यासाठी कायद्यात वेगळी सूट आहे. याविषयीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश. म्हणजे ‘तुम्हाला प्रत कुठल्या रूपात हवी?’ हा प्रश्न कॉपीराइटच्या फाट्याआधी यायला हवा. तो नंतर ठेवला, तर दृष्टिहीन वाचकाला हक्काची गोष्ट नाकारली जाते, आणि तीही अगदी नियमाने. चित्रात एक चौकोन दोन बोटं डावीकडे सरकवायचा आहे. असे दोष चर्चेत कधीच सापडत नाहीत, भिंतीवर लगेच दिसतात.

स्कॅनिंग

यावर लिहिणारे खूप आहेत, म्हणून आवरतं घेतो. चित्रात दोन गोष्टी हव्यात. एक, ‘पुस्तक स्कॅनरखाली ठेवण्याजोगं आहे का?’ हा फाटा. कागद ठिसूळ झाला असेल तर उलटं दाबून ठेवायच्या स्कॅनरवर शिवण तुटते. अशा पुस्तकाला वरून छायाचित्र घेणारं यंत्र लागतं. दोन, फाइलचा आकार. डेमी आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) फाइल लहान न करता ठेवलं तर साधारण १२ ते १३ एमबी भरतं; दोनशे पानांचं पुस्तक अडीच जीबीच्या घरात. जतनाची प्रत वेगळी आणि वाचकाला द्यायची हलकी पीडीएफ वेगळी, हे इथेच ठरवावं लागतं. जीमेलला २५ एमबीच्या पुढचं जोडपत्र जात नाही, म्हणून मोठ्या फाइलची लिंक पाठवायची.

स्कॅन झाल्यावर ‘पानं तपासणे’ असं वेगळं काम काढा आणि ते दुसऱ्या माणसाकडे द्या. तीन अस्पष्ट पानं वाचकाला दिसण्याआधी आपल्याला दिसायला हवीत.

नकाराच्या वाटा

बहुतेक चित्रं सगळं सुरळीत झालं तर काय होईल एवढंच दाखवतात. तुम्ही उलट करा. प्रत्येक कामापाशी थांबून विचारा, हे झालं नाही तर? पुस्तक हरवलेलं. हवी ती पानं फाटलेली. वाचकाने पैसे भरले, पण स्क्रीनशॉटच पाठवला आणि खात्यात जमा दिसत नाहीत. वाचकाने खर्च कळवल्यावर उत्तरच दिलं नाही. पंधरा दिवस थांबायचं की कायम? प्रत्येक वाटेच्या शेवटाला जाड वर्तुळ आणि त्याआधी वाचकाला एक निरोप, हे बंधन पाळा. ‘पुस्तक सापडलं नाही’ हेसुद्धा उत्तर आहे. त्यासोबत दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात असण्याची शक्यता आहे ते कळवलं तर वाचक दुवा देतो.

सॉफ्टवेअरआधी तालीम

हवं तसं चित्र तयार झालं की लगेच संगणकाकडे धावू नका. जुन्या चिठ्ठ्यांतल्या चार-पाच खऱ्या मागण्या घ्या: एक सोपी, एक पुस्तकाचं नाव नसलेली, एक कॉपीराइट चालू असलेली, एक दृष्टिहीन वाचकाची. टेबलाभोवती ज्याच्या त्याच्या भूमिकेत माणसं बसवा, मागणी कागदावर लिहून हातोहात फिरवा. वाचकाच्या खुर्चीत बाहेरचं माणूस बसवा, वाचनालयाचं नको. कागद कुणाच्या तरी हातात अडतो आणि ‘आता हे कुणाकडे?’ असं विचारलं जातं, तिथे चित्रात भोक आहे. एका दुपारचं काम आहे हे, आणि याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही.

त्यानंतरच साधनं. चित्र संगणकावर उतरवायला ड्रॉ डॉट आयओ किंवा बीपीएमएन डॉट आयओ ही फुकट साधनं पुरतात, मराठी मजकूरही नीट बसतो. सेवा चालवायला काय लागेल, ते चित्रच सांगतं. तालिका आणि देवघेव यांसाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयाने २००० मध्ये सुरू केलेलं आणि आज जगभर चालणारं. एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेचं ई-ग्रंथालयही आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आहे. स्कॅन केलेली पुस्तकं ठेवून शोधायला डीस्पेस हे सॉफ्टवेअर. पण महिन्याला पंधरा-वीस मागण्या येत असतील तर एक ऑनलाइन अर्ज आणि एक सामायिक तक्ता एवढ्यावर वर्षभर सहज निघतं. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला की आपलं चित्र पुढे ठेवा आणि म्हणा, या चिठ्ठीपासून त्या चिठ्ठीपर्यंत करून दाखवा. बैठक लवकर संपते.

मोजणं आणि पुन्हा काढणं

सुरू झाल्यावर तीन आकडे ठेवा, तेही वाचकाच्या घड्याळाने. मागणीपासून पहिल्या उत्तरापर्यंत किती वेळ गेला. मागणीपासून वाचता येणारी प्रत मिळेपर्यंत किती. आणि पहिल्याच प्रतीत काम झालेल्या मागण्या किती. एकूण किती पानं स्कॅन केली हा आकडा वार्षिक अहवालाला छान दिसतो, पण तो तुमचं काम मोजतो, वाचकाचं नाही.

चित्राच्या कोपऱ्यात तारीख घाला. सहा महिन्यांनी भिंतीसमोर पुन्हा उभं राहिलं की चिठ्ठ्यांपैकी दोन-तीन आता खोट्या झालेल्या असतात. कुणाची तरी बदली झाली, एखादी पायरी सगळ्यांनी मुकाट्याने सोडून दिली. सोडून दिलेली पायरी पुन्हा लादण्याआधी ती का सुटली ते विचारा. बहुधा ती अनावश्यकच असते.

आणि दुसरी सेवा घ्यायची वेळ आली की वर्गणी नूतनीकरण घ्या. पैसे भरल्याची खातरजमा आणि वाचकाला जाणारे निरोप, हे दोन तुकडे पहिल्या चित्रातून जसेच्या तसे उचलता येतात, त्यामुळे निम्मं चित्र तयारच असतं.